उभ्या माणसाचं माप

जावयाच्या कमरेखाली सासूने पेनाने रेघा मारल्या, असं मी सांगायला लागले की माणसं आधी इकडेतिकडे बघतात आणि मग आवाज बारीक करून विचारतात, म्हणजे नेमकं कुठे? नेमकं तिथेच. तीस वर्षं मी शिवणाचं दुकान चालवते. लोकांच्या कमरा, छात्या आणि सुटलेली पोटं मोजण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला शब्द गिळायची सवय नाही. तेव्हा पहिल्यापासूनच सांगते. मध्ये कुणाला हसू आलं तर खुशाल हसा, मी काही थांबायची नाही.

आमचे जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर शिडीवर लोंबकळायचं, एक पाय इकडे टेकवायचा, एक तिकडे. गेल्या वर्षी त्यांचा डावा पाय बधिर व्हायला लागला. आधी तळवा, मग मांडीची मागची बाजू. एक दिवस तर एकाच चपलेनिशी घरी आले. दुसरी कुठे पडली, असं लेकीने विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं. तपासण्या झाल्या. पाठीच्या कण्याच्या अगदी तळाच्या हाडात गाठ निघाली, आणि ती कॅन्सरची निघाली.

सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं. हाड कापलं तर गाठ जाईल, पण त्याच हाडातून पायाकडे आणि लघवीच्या पिशवीकडे नसा जातात, त्याही जातील. म्हणजे माणूस वाचेल, पण डावा पाय जन्मभर फरफटत न्यायचा आणि कमरेला पिशवी लावून फिरायचं. दुसरा रस्ता परदेशात होता. तिथे एका अवाढव्य यंत्रातून कार्बनचे कण सोडून गाठ जागच्या जागी मारतात. हाड राहतं, नसा राहतात, आणि सगळं जमून आलं तर पायही राहतो. त्या 'तर'पाशी सर्जन जरा थांबले. पाय राहतो की जातो, एवढंच आम्हाला बघायचं होतं. बाकी सगळं आम्ही सोसणार होतो.

सोबत जायचं कुणी? लेकीला आठवा महिना, तिला विमानात बसायची मनाई. व्याही गुडघ्यांनी बेजार, विहीणबाईंना जिना चढला तरी चक्कर येते. उरले कोण, तर मी. दुकानाला कुलूप घातलं, गळ्यात टेप टाकली आणि निघाले. टेप कशाला, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, ती नसली तर मला उघडंबोडकं वाटतं.

आता आमच्या नात्याचं सांगते. लग्नाला चार वर्षं झाली, पण जावईबापू माझ्यासमोर कधी पाय पसरून बसले नाहीत. मी खोलीत शिरले की उठून उभे राहणार. मी काही वाढलं की नको म्हणणार नाहीत, पोट फुटलं तरी खातील. "अहो आई" म्हणायचं आणि जमिनीकडे बघायचं. मीही काही कमी नाही, मी त्यांना 'जावईबापू' आणि 'तुम्ही' याशिवाय हाक मारली नव्हती. अशी ही जोडी दोन महिन्यांसाठी दोन खोल्या, एक छोटं स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर असलेल्या भाड्याच्या जागेत राहायला गेली. आणि आजार कुठला, तर असा.

पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले. त्यांची भाषा मला शून्य, जावईबापूंना कामापुरती. म्हणून दवाखान्याने फोनवर एक दुभाषी दिली होती. स्पीकरवर तिचा गोड आवाज यायचा, आम्ही तिला फोनताई म्हणायचो. फोनताईने गोड आवाजात सांगितलं की उपचाराआधी बरोब्बर एक तास दोन ग्लास पाणी प्यायचं आणि ते धरून ठेवायचं. पिशवी रोज सारखीच भरलेली हवी, म्हणजे आतले अवयव रोज त्याच जागी राहतात. रोज सकाळी पोट साफ हवं. आणि आत वारा नको. वाऱ्याचा बुडबुडा आडवा आला तर कणांचं अंतर चुकतं आणि त्या दिवसाचा उपचार होत नाही. हे ऐकताना जावईबापूंचे कान असे लाल झाले की डॉक्टरीणबाईंनी त्यांना ताप आहे का ते बघितलं.

मी मात्र कंबर कसली. घरातून कोबी हद्दपार, शेंगा हद्दपार, फसफसणारी पेयं हद्दपार. रोज सकाळी न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभं राहून मी विचारायची, झालं का? आतून उत्तर यायचं, झालं. सासूने जावयाला विचारायचा हा प्रश्न कुठल्याच नात्यात बसत नाही. पण पायाचा प्रश्न होता, मग मी दारावर थाप मारून दुसऱ्यांदाही विचारायची.

त्या यंत्राचं मात्र जावईबापूंना भारी वेड लागलं. आजारी माणूस कोण आणि यंत्र बघायला आलेला कारागीर कोण, हे कळू नये इतकं. तळघरात मैदानाएवढं गोल कडं आहे, त्यातून ते कण सेकंदाला लाखो फेऱ्या मारतात आणि वेग पुरेसा झाला की भिंतीतून थेट टेबलावरच्या माणसात. मी विचारलं, मग साध्या किरणांनी काय बिघडलं असतं? तर म्हणाले, साधे किरण आरपार जातात, वाटेतलं सगळं भाजतात. हे कण वाटेत फारसं काही करत नाहीत, ठरल्या खोलीवर जाऊन थांबतात आणि तिथेच सगळा जोर काढतात. मी म्हटलं, कळलं. वरच्या कापडावर टाका न दिसता आतलं अस्तर शिवायचं. हे ऐकून त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे वर मान करून बघितलं.

एकूण सोळा उपचार होते, मंगळवार ते शुक्रवार रोज एक. त्याआधीचा आठवडाभर नुसती मापं. जावईबापूंना पालथं झोपवून गरम जाळीदार प्लास्टिक त्यांच्या कमरेवर दाबलं. ते गार होऊन कडक झालं आणि त्यांच्या पाठीमागच्या सगळ्या भागाचा साचा तयार झाला. मग कातडीवर जांभळ्या पेनाने रेघा काढल्या, दोन्ही बाजूंना एकेक, मध्ये एक फुली आणि मांड्यांच्या मागे दोन. कातडीवरची रेघ आणि साच्यावरची रेघ रोज जुळली पाहिजे. काचेपलीकडून मी ते बघत होते आणि खरं सांगते, मला भरून आलं. एवढं नेमकं माप घेणारी माणसं मी जन्मात बघितली नव्हती.

रेघांसाठी एक छापील कागद दिला. पाण्यात बसू नका, घासू नका, रेघा पुसट झाल्या तर स्वतः काढू नका, या नंबरवर फोन करा. फोनताईने तो वाचून दाखवला. आणि डॉक्टरीणबाईंनी वर सांगितलं की एकदा सुरू झाल्यावर मध्ये खंड पडलेला बरा नाही. हे शेवटचं वाक्य तेवढं माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

दोन आठवडे सुरळीत गेले. आठ झाले. आठव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी सकाळी लेकीच्या नणंदेचा फोन आला. तीन आठवडे आधीच, पण बाळ-बाळंतीण सुखरूप. मुलगी.

पुढे काय झालं ते नीट क्रमाने सांगता येणार नाही. जावईबापू फोन हातात घेऊन तीन जिने खाली पळाले, त्या तसल्या पायाने. खाली रखवालदाराला सांगितलं. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईला सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगितलं, त्याला तर यांची भाषा येत नव्हती आणि यांना उत्साहाच्या भरात त्याची आठवत नव्हती. फुलांचा एक मोठा गुच्छ घेऊन वर आले. बायको शेकडो कोस लांब, मग गुच्छ मलाच दिला. मी तो हातात धरून रडत होते, हसत होते, आणि मध्येच शिंकत होते, कारण त्या फुलांचं मला वावडं निघालं. मग मी हाताला लागेल ते पांढरं कापड घेतलं आणि नातीचं झबलं बेतायला बसले. आणि जावईबापू आंघोळीला गेले.

त्या न्हाणीघरात एक लांबलचक टब होता. दोन आठवडे त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, ओल्या टॉवेलने अंग पुसून घ्यायचे. त्या दिवशी मात्र आतून पाणी सोडल्याचा आवाज आला आणि मग गाणं. चार वर्षांत मी त्यांचं गाणं ऐकलं नव्हतं. इतकं बेसूर, इतकं मोकळं, की मी कात्री खाली ठेवून ऐकत बसले. तासभर गायले. पाणी गार झालं की गरम सोडायचे आणि पुढचं कडवं. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं, मी दाराबाहेरून दोन ओळी म्हटल्या.

मग गाणं एकदम बंद पडलं. मग दाराआडून बारीक आवाज आला, "अहो आई, रेघा गेल्या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही दोघं त्या कागदासमोर बसलो. फोन करू या, असं ते म्हणाले. मी म्हटलं, फोन केला तर काय होईल? पुन्हा साचा, पुन्हा मापं, पुन्हा आठवडा. खंड पडेल. खंड पडलेला बरा नाही असं त्या बाई म्हणाल्या होत्या की नाही? म्हणाल्या होत्या. मग रेघा काय, मी मारते. मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? जावईबापू म्हणाले, पण कागदावर लिहिलंय. मी म्हटलं, कागदावर लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं की मी येणार आहे.

चूक माझीच, ती मी कुणावर ढकलत नाही. ते आजारी होते आणि त्यात माझे जावई, मला नाही म्हणणं त्यांच्या जिभेला माहीतच नव्हतं. गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं मी होकार धरलं.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून कपड्यांवर नाव घालायचं जांभळं पेन आणलं, तंतोतंत तोच रंग. आता प्रश्न आला की कसं करायचं. सासूसमोर पालथं पडून राहायचं हे त्यांच्याने होईना, आणि झोपा असं सांगायला माझीही जीभ रेटेना. शेवटी ते कपाटाकडे तोंड करून उभे राहिले, टॉवेल दोन्ही हातांनी जेवढा हवा तेवढाच खाली धरून. मी चष्मा लावला, टेप काढली, गुडघ्यांवर बसले. उजवीकडची रेघ अर्धी शिल्लक होती, मधल्या फुलीचा ठसा दिसत होता, डावीकडचं सगळं साफ. मी उजवीकडून माप घेतलं आणि डावीकडे उतरवलं. मांडीमागची रेघही तशीच. हलू नका, असं एकदा दरडावलं. पाच मिनिटांत काम फत्ते. दोघांनीही दिवसभर एकमेकांकडे बघितलं नाही, जेवताना तर आम्ही भिंतींशी बोलत होतो.

मंगळवारी, नववा उपचार. सकाळी विचारलं, झालं का, झालं. दोन ग्लास पाणी झालं. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी आपलं सामान कपाटात ठेवलं, फोनही त्यातच. ते आत गेले, मी बाहेर बाकावर. झबल्याची हातशिलाई करत होते. मन अगदी निश्चिंत. माझ्या हाताची रेघ, ती कशाला चुकेल?

तेवढ्यात समोरून एका पेशंटला ढकलगाडीवर झोपवून नेलं. आडदांड माणूस, अंगात सदरा. आणि माझी नजर जिथे जाते तिथेच गेली, सदऱ्याच्या बाजूच्या शिवणीवर. माणूस झोपलेला असल्यामुळे ती शिवण चांगली चार बोटं सरकून भलतीकडेच गेली होती. उभ्या माणसाच्या मापाचा सदरा आडव्या माणसाला कधीच बसत नाही. हे मला शिकवायला नको, हे मी शंभर गिऱ्हाइकांना सांगितलंय. अंग आडवं झालं की मांस सरकतं, कातडी सरकते, सगळं सरकतं. त्यात जावईबापू उभे कसे, तर सगळा भार उजव्या पायावर टाकून, डावी बाजू लोंबती. आणि तिथली माणसं माप घेतात ती झोपवून.

मी उभ्या माणसाचं माप घेतलं होतं.

झबलं बाकावर टाकून मी पळत सुटले. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. ते कण ठरल्या जागी जाऊन थांबणार, सगळा जोर काढणार, आणि ठरली जागा आता गाठ नाही, शेजारची नस. ज्या नसेसाठी आम्ही एवढं लांब आलो तीच. आणि ती जागा दाखवणारी मी.

पहिलं दार उघडलं ते झाडूपोछाच्या सामानाचं निघालं. दुसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ शर्ट बदलत होते, त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मीही केला. तिसरं दार यंत्राच्या खोलीचं. वर दिवा होता. तो लाल झाला की कण सुटले, आत जायचं नाही, एवढं मला माहीत होतं. दिवा हिरवा होता. शेजारच्या काचेच्या खोलीत पडद्यांसमोर यंत्र चालवणारे दोघे बसले होते. एक उंच, त्याला आम्ही उंच्या म्हणायचो. दुसरी कायम निळी टोपी घालणारी, ती टोपीवाली. मी आत शिरले आणि ओरडले, थांबा. मग माझ्या लक्षात आलं की यांना थांबा कळत नाही आणि जिला कळतं ती फोनताई कपाटात बंद आहे.

मग मी खुणा सुरू केल्या. आधी टेप दाखवली. उंच्याने मान डोलावून टेपेचं कौतुक केलं. मग मी हाताने घरचं कपाट दाखवलं, उभा माणूस दाखवला, टॉवेल दाखवला. त्यांना काही बोध होईना. शेवटी मी सरळ फरशीवर पालथी पडले आणि बोटाने स्वतःच्या कमरेखाली रेघा ओढून दाखवायला लागले. टोपीवालीने किंचाळून चाकाची खुर्ची मागवली.

दोघी-तिघी धावत आल्या. मला उचललं, खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. तो बघून त्यांनी आणखी दोघांना बोलावलं. मी हात झटकत होते, त्या धरत होत्या. कुणीतरी माझ्या तोंडात थर्मामीटर घातला, म्हणजे बोलायचीही सोय उरली नाही. माझा जीव टांगणीला, आणि या बाया माझ्या पायाखाली उशी सारताहेत. मला असा संताप आला की मी उंच्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, समोरच्या पांढऱ्या फळ्यावर त्यांचं जे काही लिहिलेलं होतं त्याच्याच शेजारी दोन मोठे गोल काढले, मध्ये चीर काढली, दोन बाजूंना दोन रेघा मारल्या. डावीवर मोठी फुली मारली. मग पेन माझ्याच छातीवर आपटलं. मी. ही मी काढली. मी.

उंच्याने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग टोपीवालीकडे. टोपीवालीने तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले.

उंच्याने माझी खुर्ची पडद्यासमोर ढकलत नेली. पडद्यावर जावईबापूंच्या हाडांची चित्रं होती, शेजारी-शेजारी दोन. एकावर दुसरं ठेवून दाखवलं. जुळत नव्हती. त्याने बोटांनी खुणावलं: वीस मिनिटं आम्ही यांना हलवतोय, रेघ जुळवली की हाड जुळत नाही, हाड जुळवलं की रेघ जुळत नाही. मग लाल दिव्याचं बटण दाखवून जोरजोरात मान हलवली. नाही. हाड जुळल्याशिवाय ते बटण दाबायचंच नाही. त्यांचा विश्वास रेघेवर नव्हताच, हाडावर होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच अशी लाज वाटली की परत फरशीवर पालथी पडावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाई आल्या. दवाखान्याच्या फोनवर फोनताईला घेतलं. मी सगळं कबूल केलं, नात, टब, गाणं, पेन, कपाट. फोनताईने ते तिकडे सांगितलं आणि मध्ये दोनदा तिला थांबावं लागलं. मग डॉक्टरीणबाई बराच वेळ कडक आवाजात बोलल्या. फोनताई म्हणाली, "डॉक्टर म्हणताहेत की हे फार धोक्याचं होतं, पुन्हा असं कधीही करू नका. रेघ मात्र सुंदर आहे."

ठरलं असं की साचा तोच चालेल, खंड पडणार नाही. जुन्या रेघा स्पिरिटने पुसायच्या, हाडं बघून नव्या काढायच्या आणि आजचा उपचार आजच द्यायचा. तुम्ही कुठे कुठे हात लावलाय ते दाखवायला आत या, असं मला सांगितलं. मी मान खाली घालून आत गेले. जावईबापू टेबलावर पालथे, तोंड टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकात, चाळीस मिनिटं तसेच, पोटात दोन ग्लास पाणी. बाहेर काय गोंधळ चाललाय याचा त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्या डोक्याशी जाऊन म्हटलं की माझं माप चुकलं, त्यांना कळलंय, घाबरू नका. खालून आवाज आला, बरं.

टोपीवालीने रेघा पुसल्या. पडद्यावर बघून हाडं जुळवली. मग उजवीकडची रेघ काढली, मधली फुली काढली. मग डावी. मग पेन डाव्या मांडीच्या मागे आलं आणि जावईबापू हलले.

तिने थांबून काहीतरी सांगितलं, हलू नका असंच असणार. पुन्हा पेन टेकवलं. पुन्हा हलले. आता सगळं अंग थरथरत होतं, टेबल करकरलं. उंच्याने कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, धीर सुटला, माणूस रडतोय. मी खाली वाकून त्या भोकातून बघितलं. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, दात ओठांवर रोवलेले. जावईबापू हसू दाबत होते.

मी विचारलं, "काय झालं?"

"गुदगुल्या होताहेत."

मला आधी रागच आला. माझं काळीज फाटायची वेळ, तिकडे फळ्यावर माझी अब्रू टांगलेली, आणि यांना गुदगुल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी टोपीवालीचा हात जिथे होता तिथे बघितलं. खात्री करायला दुसऱ्यांदा बघितलं.

"डाव्या पायाला?"

"डाव्याच."

मी टोपीवालीच्या हातातलं पेन धरलं आणि मांडीच्या मागे अगदी हलकं टेकवलं, आठ महिने जिथे सुई टोचली तरी कळत नव्हती तिथे. ते टेबलावर उसळले. डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी कापसाची बारीक वात घेतली, मांडीवर फिरवली, मग पोटरीवर, मग तळव्यावर. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारलं. मांडीवर हो. पोटरीवर हो. तळव्यावर जावईबापूंनी वात पुन्हा एकदा फिरवायला सांगितली. मग म्हणाले, हो, जरासं, लांबून कुणी हाक मारल्यासारखं.

डॉक्टरीणबाईंनी फोनताईला सांगितलं की आत्ताच काही म्हणता येणार नाही, कधी असं होतं, आजचा सोडून अजून सात बाकी आहेत, नंतर महिने जातील. पण हे बोलताना त्यांनी ती कापसाची वात टाकून दिली नाही, खिशात ठेवली.

मी जावईबापूंना विचारलं, हे आजच कळलं का? तेव्हा त्या भोकातून, जमिनीकडे तोंड करून, त्यांनी सांगितलं की रविवारी मी कपाटासमोर रेघ मारली तेव्हाच कळलं होतं. अंगावर काटा आला होता, हसू फुटत होतं, कसंबसं धरून ठेवलं.

"मग बोलला का नाहीत?"

"अहो आई, तुमच्यासमोर कसं हसणार?"

दोन दिवस. दोन दिवस हा माणूस आपला पाय परत आल्याची बातमी पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत बसला होता, भिंतीशी बोलत, कारण सासूसमोर हसायचं कसं? मला जे झालं तो राग होता की आणखी काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी खाली बसले, त्या भोकाखाली, अगदी फरशीवर, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसावं.

"हस की रे, गधड्या," मी म्हटलं. "हस तू."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला 'तू' म्हटलं होतं, गधड्याही म्हटलं होतं. त्याचे डोळे मोठे झाले आणि मग जे दाबून धरलेलं होतं ते फुटलं. टबातल्या गाण्यापेक्षा बेसूर हसत होता, सगळं टेबल हलवत. "आई, नका हसवू," तो म्हणत होता, "दोन ग्लास पाणी आहे आत." ते ऐकून मी फरशीवर आडवीच झाले. फोनताईने विचारलं काय झालं, आणि आम्हाला सांगता येईना.

उंच्या काही वेळ दाराशी उभा राहिला. मग त्याने खुर्ची ओढली, बसला आणि आमचं हसून व्हायची वाट बघत राहिला.